स्वयंपाकघरातल्या खुणा

नारायण पेठ, पुणे ३०
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आबांना,

यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार. कागदावर तो घालायला सोपा जातो. प्रत्यक्षात माझ्या गुडघ्याने कधीच असहकार पुकारला आहे.

नारायण पेठेतून हडपसरला पत्र पाठवणारा यंदाच्या वर्षातला मी बहुधा एकटाच असेन. पोस्टातल्या बाई पत्ता वाचतील, माझ्याकडे चष्म्यावरून बघतील आणि "हडपसरला बस जाते" एवढंच म्हणतील. फोन का नाही केला, असं तुम्ही म्हणाल. आबा, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मागे मी तुम्हाला माझ्या मूळव्याधीबद्दल विचारलं होतं, तेव्हा शेजारच्या गोठ्यातून कोणीतरी मला औषध सांगितलं होतं. म्हणून हा कागदाचा उद्योग.

मोतीबिंदूचं ऑपरेशन सुरळीत झालं हे फार चांगलं झालं. थेंब वेळेवर घालत जा. काळा चष्मा लावून तुम्ही गल्लीतून फेरी मारता आणि ओळखीची माणसंसुद्धा घाबरून रस्ता देतात, असं आई सांगत होत्या. घरच्या डाळिंबांची पिशवी पोचली. इथे एकट्याने सोलून खायला कंटाळा येतो, पण खातो आहे.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "जावईबापू, पोरगी धड जेवत न्हाई. दसऱ्याचं सोनं वाटाया बी भाईर पडली न्हाई. तुमचं दोघांचं काय वाजलंय का?" मी म्हणालो, "नाही हो आबा, कामाचा ताण आहे जरा." तुम्ही म्हणालात, "ताण आमालाबी हाय, पर आमी जेवतो."  त्याचं उत्तर द्यायला हे पत्र लिहायला घेतलं.

तर, आमचं वाजलेलं नाही. हे अगदी खरं आहे. नम्रता तुमच्या डोळ्यांसाठी आली आहे, माझ्यावर रागावून आलेली नाही. तिच्या कॉलेजच्या संघात एक भानगड झाली आणि तिचं मन उडालं. आमच्या कॉलेजशी अंतिम सामना होता तो ती हरली. मैदानावर मुलींना ती ज्या गुप्त खुणा करते त्या फुटल्या असं त्यात तिच्या लक्षात आलं आणि एका मुलीला तिने संघाबाहेर काढलं. मुलीचं नाव शेफाली. तुमच्याकडे हुरड्याला आली होती ना, वाशीमची, सगळ्यांच्या आधी पळत जाऊन विहिरीत डोकावणारी, तीच. मुलीने स्वतः कबूल केलं म्हणे. येत्या रविवारी विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी आहे आणि नम्रताने पाठवलेल्या नावांत शेफालीचं नाव नाही. पोरीचं हे शेवटचं वर्ष. विद्यापीठाकडून खेळली असती तर पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला अर्ज करता आला असता. वाशीमला तिच्या घरचे सगळे त्याच एका आशेवर आहेत. नम्रताला त्याचं वाईट वाटतं आहे. एवढंच.

या खेळाने आमच्या संसाराला काय काय दिलं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? मी फास्ट बोलर होणार होतो. खांदा गेला. मग शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन कॉलेजात मुलाखतीला गेलो, तर तेव्हाचे प्राचार्य म्हणाले, "बेसबॉल शिकवता येईल का? स्टोअरमध्ये सामान पडून आहे, ऑडिटवाले दरवर्षी विचारतात." मी ताबडतोब हो म्हणालो. तोवर बेसबॉल मी टीव्हीवर चॅनल बदलताना पाहिला होता, तेवढाच. पहिल्या दिवशी सगळ्या मुली चेंडू मारून बॅट हातात घेऊनच धावत सुटल्या, क्रिकेटसारख्या. "बॅट टाका, अगं बॅट टाका" म्हणून ओरडता ओरडता माझा घसा बसला. ग्लव्ह कोणत्या हातात घालायचा यावरच अर्धा तास वाद झाला आणि त्यात मी हरलो, म्हणजे मुलींचं बरोबर निघालं.

शेवटी प्राचार्यांनीच मानधनावर एक मुलगी बोलावली. सॉफ्टबॉलची विद्यापीठाची कॅचर, हडपसरची, सलवार-कमीझवर पॅड बांधून उभी राहणारी. तिने मला हा खेळ शिकवला. मुलींसमोर माझी लाज जाऊ नये म्हणून माझ्या चुका ती मला बाजूला घेऊन सांगायची. कॉलेजचं मैदान लग्नाच्या मांडवाला दिलेलं होतं तेव्हा तुमच्या कांदा काढलेल्या रानात आम्ही सराव केला. पिचर चेंडू टाकत असताना पळत सुटून पुढचा बेस गाठायचा, याला चोरी म्हणतात, हे नम्रता पोरींना समजावत होती आणि तुम्ही बांधावरून ओरडलात, "ओ मास्तर, खेळ हाय का दरोडा? पोरींस्नी चोऱ्या शिकवताय व्हय?" त्या दिवशी मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं.

मग लग्न झालं. मी माझ्या कॉलेजात कायम झालो. तिला दुसऱ्या कॉलेजने घेतलं, पण दरवर्षीच्या करारावर, आणि आजही ती करारावरच आहे. म्हणजे परमनंट कोच मी, आणि जिंकणारी कोच ती. सलग चार वर्षं अंतिम सामन्यात तिने मला हरवलं. स्टाफरूममध्ये मराठीचे सर दर सोमवारी विचारायचे, "काय कोच, घरी तरी जिंकता का?" आमचे आताचे प्राचार्य तर म्हणाले, "ट्रॉफी तुमच्या घरी दरवर्षी येते असं ऐकतो. कॉलेजात कधी आणताय?" मी हसायचो. नम्रताला येऊन सांगायचो, तीही हसायची. आबा, माझी तक्रार नव्हती. नव्हतीच, असं मी समजत होतो.

घरात आमचा एक कायदा होता. ऑगस्टपासून दसऱ्यापर्यंत खेळाचा विषय काढायचा नाही. ती स्वयंपाकघरात तिचे बेत आखणार, मी गॅलरीत माझे. आणि या दिवसांत मी स्वयंपाकघरात यायचं ते खाकरून. पूर्वी सासरे खाकरून माजघरात यायचे ना, तसं. कारण तिला एक सवय आहे. कोपऱ्यात उभं राहून कोचने मुलींना ज्या खुणा करायच्या असतात, त्यांची उजळणी ती गॅसपाशी उभी राहून करते. कान, कोपर, नाक, मनगट. एका हाताने फोडणी परतते आणि दुसऱ्या हाताने बंट सांगते, म्हणजे चेंडू जोरात न मारता बॅटने नुसता अलगद अडवायचा. मी खाकरलो की हात खाली. "या महाराज," म्हणायची. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, मला दमा आहे.

यंदा आम्ही जिंकलो. आमच्या मुली चांगल्या खेळल्या. अपेक्षा म्हणून आमची कॅचर आहे, बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलणारी; तिची फेक अचूक होती. नम्रताच्या मुली तीनदा चोरी करायला गेल्या आणि तीनदा बाद झाल्या. त्यात दोनदा शेफाली. खेळात असं होतं. नम्रताने मनाला फार लावून घेतलं आहे. तुम्ही तिला समजावून सांगा, की कोच म्हटला की हार-जीत आलीच, आणि पुढच्या वर्षीचा करार नको असं तिने कॉलेजला कळवू नये. ती तुमचं ऐकते. खंडेनवमीला तिच्या कॉलेजात बॅट-ग्लव्हजची पूजासुद्धा तिने शिपायाकडून उरकून घेतली. दरवर्षी ती स्वतः प्रत्येक बॅटला झेंडूची माळ करते.

इथपर्यंत लिहून मी उठलो, चहा केला, आणि पत्र पहिल्यापासून वाचलं. वाचताना वाटलं, हा जावई बरा दिसतो. बायकोची काळजी आहे त्याला.

आबा, माफ करा. तुमच्या डोळ्याला महिनाभर वाचन बंद आहे. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्या टेबलापाशीच उभा होतो. आई बारीक अक्षर वाचत नाहीत. तुमची पेन्शनची पत्रं, पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं सध्या कोण वाचून दाखवतं, हे मला माहीत आहे.

नम्रता, तू वाचते आहेस. पहिल्या ओळीपासून तूच वाचते आहेस.

आबा पलंगावर मांडी घालून ऐकत असतील आणि तू मध्येच थांबली असशील. पुढचं आधी मनात वाच. मग वाचून दाखवायचं की नाही ते ठरव. मी म्हणेन, दाखव.

तुला म्हणून कागद घेतला की "प्रिय नम्रता" याच्यापुढे पेन सरकत नव्हतं. आबांना लिहायला घेतलं तर किस्से सुचायला लागले, मूळव्याध सुचली, डाळिंबं सुचली. खरी गोष्ट सोडून सगळं सुचलं. आता ती लिहितो.

तुझ्या खुणा कोणी फोडल्या नाहीत. मी पाहिल्या.

अंतिम सामन्याच्या आधीचा रविवार. मी दुधाच्या पिशव्या घेऊन आलो. दार लोटलेलंच होतं. तू ओट्यापाशी पाठमोरी होतीस, एका शेगडीवर कुकर, आणि समोरच्या डब्यांच्या फळीला जणू शेफाली समजून तू खुणा करत होतीस. नाक, कोपर, मग डावं मनगट, मग कान. आणि पुटपुटलीस, "मनगटानंतरची खरी, बाकी सगळा फापटपसारा. कान म्हणजे चोरी." मी तेव्हा खाकरायला हवं होतं. खाकरलो नाही. एक पाऊल मागे घेतलं, दाराआड उभा राहिलो आणि तू तीच उजळणी पुन्हा करेपर्यंत थांबलो. चुकून नजर गेली असं म्हणता आलं असतं, पण चुकून गेलेली नजर दुसऱ्यांदा थांबून राहत नाही. मग जिन्यापर्यंत परत गेलो, चपला वाजवत आलो आणि मोठ्याने खाकरलो. तू वळून म्हणालीस, "या महाराज. दूध फाटायच्या आत आलात."

समोरच्या कोचच्या खुणा डोळ्यांनी ओळखणं नियमात बसतं. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलं आहे की आता झोपेतही म्हणेन. पण ज्यांनी तो नियम लिहिला त्यांच्या डोळ्यांपुढे मैदान होतं. बायकोचा ओटा नव्हता.

सामन्यात तू कोपऱ्यात उभी राहून मनगटाला हात लावून कान धरलास की मी बाकावरून अपेक्षाला नावाने हाक मारायचो. नावाने हाक म्हणजे, चेंडू बॅटच्या आवाक्याबाहेर मागव आणि झेलल्या झेलल्या दुसऱ्या बेसवर फेक. तीनही वेळा. शेवटच्या इनिंगला तुम्ही एका धावेने मागे होतात, शेफाली पहिल्या बेसवर होती, आणि तू पुन्हा तीच खूण केलीस, कारण शेफालीच्या पायांवर तुझा विश्वास होता. ती निघाली तेव्हा चेंडू तिच्या आधी जाऊन तिची वाट बघत होता. ती उठली, गुडघ्याची माती झटकली आणि तुझ्याकडे बघितलं. तू तिच्याकडे बघितलंस. मी दोघींकडे बघत होतो, आणि मला आनंद झाला, नम्रता. तो खोटा होता असं मी म्हणणार नाही. फार आनंद झाला.

अपेक्षाने विचारलं, "सर, तुम्हाला एवढं एक्झॅक्ट कसं काय कळत होतं?" मी म्हणालो, "अनुभव." प्राचार्यांनी पेढे वाटले. मराठीचे सर म्हणाले, "आज घरी जेवायला मिळेल ना?" मी हसलो.

पण मी सांगायचं टाळत होतो ते हेसुद्धा नाही. हे कदाचित तू माफ केलं असतंस. चार दिवस बोलली नसतीस, मग एखाद्या सकाळी पोह्यांत मुद्दाम मीठ जास्त घालून विषय संपवला असतास.

त्या संध्याकाळी तू घरी आलीस. किटबॅग दारातच ठेवलीस आणि माझ्याजवळ येऊन "अभिनंदन" म्हणालीस. अगदी मनापासून. मग हात धुता धुता म्हणालीस, "माझ्या खुणा फुटल्या आहेत. तुझ्या मुलींना कोणीतरी सांगितलं." मला विचारावं असं तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. तू मुलींचाच विचार करत होतीस. आणि मी, पापड भाजत होतो, पापड उलटवत अगदी सहज म्हणालो, "तुझी शेफाली आणि माझी अपेक्षा एकाच खोलीत राहतात ना, येरवड्याला?"

एवढंच. प्रश्न म्हणून विचारलं. आरोप नाही, नाव घेऊन बोट नाही. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं, की हा फक्त विषय दुसरीकडे वळवायचा प्रयत्न आहे. वळला. तू नळ बंद केलास. पापड करपला, तो मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तू तुझ्या मुलींना गोल बसवलंस. जिने सांगितलं तिने पुढे यावं, नाहीतर निवड चाचणीला एकीचंही नाव जाणार नाही, असं म्हणालीस. रात्री जेवताना तू मला म्हणालीस, "शेफालीने कबूल केलं." तुझ्या ताटातली भाकरी तशीच होती. मी म्हणालो, "असं?"

असं. दोन अक्षरं. ती मुलगी खोटं बोलली आहे हे अख्ख्या पुण्यात दोघांनाच माहीत आहे असं मी धरून चाललो होतो, तिला आणि मला. आणि मी आमटी वाढून घेतली.

नंतर रोज सांगेन म्हणत गेलो. तू हडपसरला निघालीस तेव्हा रिक्षापर्यंत बॅग घेऊन आलो. सीटवर बॅग ठेवली आणि म्हणालो, "थेंबांची वेळ चुकवू नकोस." तू म्हणालीस, "तू जेवत जा." रिक्षा गेली.

आज इथेच थांबतो. हे लिहून झालं म्हणजे काही केलं असं मला वाटायला लागलं आहे, आणि ते खरं नाही.

मंगळवार, दुपार

सकाळी सरावाला माझ्या मुलींना सगळं सांगितलं. स्वयंपाकघर, दार, हाक, सगळं.  एकीने विचारलं, "म्हणजे आपण जिंकलो नाही का, सर?" मी म्हणालो, कागदावर जिंकलो. कप परत करायची सोय नाही, कारण नियमाप्रमाणे काहीच घडलेलं नाही. राजीनामा द्यावा असं एकदा मनात येऊन गेलं. पण दिला नाही. कायम नोकरी आहे, आणि मी तेवढा मोठा माणूस नाही हे तुला माहीत आहे.

अपेक्षाने ग्लव्ह काढून बाकावर ठेवला. म्हणाली, "सर, मी तिच्याशी बोलत नाहीये. मला वाटलं तिने खोटंच कबूल करून उगाच माझं नाव गोवलं. आम्ही एका खोलीत राहून दोन वेगळे डबे मागवतो." मग ती रडायला लागली आणि बाकीच्या मुली तिच्याभोवती जमल्या. माझ्याजवळ कोणी उभं राहिलं नाही, ते बरोबरच होतं.

तिच्याकडून पत्ता घेऊन मी येरवड्याला गेलो. शेफालीने माझा फोन उचलला नव्हता. जिन्यात थांबलो. ती भाजीची पिशवी घेऊन आली, मला बघून एक पायरी खाली उतरली. "सर, तुम्ही इथं?"

जिन्यातच सांगितलं.  संपल्यावर म्हणाली, "म्हणजे मॅडमच्या खुणा तुम्ही घरातच बघितल्या."

"हो."

"मग मॅडमना का नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

"मॅडमची?"

"मॅडम सोडून जातील याची."

"पण मॅडम तर गेल्याच ना सर, हडपसरला," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच हिशेब लागत नव्हता.

मी विचारलं, जे केलं नाहीस ते कबूल का केलंस? ती म्हणाली, "सगळ्यांची नावं अडकली होती. आमच्या संघातल्या वैष्णवीचं तर पहिलंच वर्ष." मग पिशवीतली मेथी बाहेर येत होती ती आत दाबत म्हणाली, "पण ते अर्धंच आहे, सर." पुण्यात राहून तिने पुसून टाकलेली तिची बोली तेव्हा परत आली. मला जसं ऐकू आलं तसं लिहितो. "मले वाटलं, मी उठले की मॅडम म्हणतील, 'तू? शक्यच नाही. बस खाली.' म्हणतीलच, याची खात्री होती मले. म्हणून तर उठले. मग कोणी उठलं नसतं आन् मॅडमचा रागही गेला असता. पण मॅडम म्हणाल्या, 'मला वाटलंच होतं.'"

हे तुला लिहायचं नाही असं ठरवून मी परतीच्या बसमध्ये बसलो होतो. तुला लागेल म्हणून. मग लक्षात आलं, की गेले इतके दिवस मी गप्प बसलो त्याचं कारणही मी स्वतःला हेच सांगत होतो.

ते "वाटलंच होतं" तुझं नाही, नम्रता. चार वर्षं तू त्या पोरीला घरच्यासारखं वागवलंस. आदल्या संध्याकाळी पापड भाजता भाजता मी ते तुझ्या मनात टाकलं. तू फक्त ते उच्चारलंस. पण तिने ते तुझ्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते परत घ्यायचं काम माझ्या हातून होण्यासारखं नाही. मी तिची माफी मागितली, ती "ठीक आहे, सर" म्हणाली. मी माझ्या सहीने विद्यापीठाला पत्र देतो म्हणालो, तर म्हणाली, "तुमच्या सहीचा काय उपयोग? मी तुमच्या कॉलेजची नाही." मग वर जाऊन तिने दार लावून घेतलं. कोच म्हणून माझी एवढी वर्षं झाली, पण कोणत्याच मुलीने मला असं जिन्यात सोडून दिलं नव्हतं.

निवडीसाठी नाव शुक्रवारी संध्याकाळपर्यंत घालता येतं. विद्यापीठात विचारून आलो. संघाच्या कोचची सही लागते, म्हणजे तुझी. पोस्टावर भरवसा ठेवला तर शुक्रवार निघून जाईल, म्हणून हे पत्र स्वतः आणून आईंच्या हातात देतो आहे आणि फाटकावरूनच परत फिरतो आहे. आत येऊन तुझ्यासमोर उभा राहिलो, तर तू आधी माझ्याशी बोलशील. ते मला नको आहे.

आबांना सांग, जावई त्यांच्या आडोशाला लपला होता. त्यांना हे पहिल्याच पानावर कळलं असेल.

तिला आज फोन कर. ती पहिल्यांदा उचलणार नाही, परत कर. काय बोलायचं ते तुला सुचेल. फक्त माझ्यामुळे झालं, असं म्हणून सुरुवात करू नकोस. ते मी सांगून आलो आहे आणि त्याने तिला काहीही फरक पडला नाही. तिला तुझ्याकडून ऐकायचं आहे ते वेगळं आहे, "शक्यच नाही." उशीर झाला आहे, तरी म्हण.

माझ्यावर रागवायला तुझ्याकडे पुढची सगळी वर्षं आहेत. तिच्याकडे शुक्रवार आहे.

खाली "तुझा" लिहिलं होतं, ते खोडून मग परत लिहिलं. ठेवायचं की नाही, ते आता तुझ्याकडे.

तुझा
यज्ञेश्वर